जमिनीवर पाण्याचे चार थेंब

फोरमनना सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत होती, आणि तीही पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखी धडाधड. फरशांच्या दुकानातल्या बाई वही उघडून एकेक प्रश्न विचारत होत्या, आणि फोरमन पाठीमागे हात बांधून, टाचा जुळवून उभे होते.

"जमीन कसली आहे, काका?"

"सिमेंटची. घोटलेली. बत्तीस वर्षांची."

"ओल?"

"प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी पट्टी लावून दोन दिवस चिकटवून ठेवला होता. खाली एक टिपूस नाही."

बाईंनी वहीतून मान वर केली. दुकानात पाऊल टाकायच्या आधीच ही चाचणी उरकून आलेलं गिऱ्हाईक त्या बहुधा पहिल्यांदाच बघत होत्या. फोरमनच्या शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीने, 'आमचे बाबा असेच आहेत' अशा अर्थाने खांदे उडवले.

"उंचसखल?"

"लांब पट्टी सगळीकडे फिरवली. खिडकीपाशी एक खळगा आहे. नाण्याच्या जाडीचा."

"तो भरून घ्यावा लागेल. भुकटी देते." बाईंनी लिहून घेतलं. "आणि जमिनीवर काही लावलंय? रंग, तेल, मेणाचं पॉलिश?"

फोरमननी लेकीकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं, तिथे पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

फोरमन हे काही त्यांचं नाव नव्हे. पंख्यांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गल्लीत आणि बँकेत सगळे त्यांना फोरमनच म्हणत. ते स्वतःही फोन उचलून 'फोरमन बोलतोय' असंच सांगत. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. हे मी त्यांच्या कौतुकासाठी सांगत नाही. सवय नसल्यामुळे ते फार वाईट खोटं बोलत, एवढंच. त्यांचे कान लाल होत.

त्यांना एकच खोड होती, ती चकाकीची. कारखान्यात त्यांच्या विभागाची जमीन अशी लखलखायची की वरच्या ट्यूबलाइटी खाली बघून मोजाव्यात. बाहेरचं कुणी कारखाना बघायला आलं की साहेब लोक त्याला आधी फोरमनच्या विभागात आणत. माणूस निवृत्त झाला, खोड काही झाली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोरमन गुडघे टेकून झोपायच्या खोलीची जमीन मेणाच्या पॉलिशने घोटत आणि आतूनच ओरडत, "येऊ नकोस गं, सुकायचंय!" मग बायको दारातून डोकावून विचारी, "आता यात बघून वेणी घालू का?" बत्तीस वर्षं हे असंच चालत आलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी लेक चार दिवस राहायला येणार होती. त्या आनंदात फोरमननी पॉलिशचा एक हात जास्त दिला. पहिला हात नीट सुकला नव्हता, दुसरा धड घोटला नव्हता, तेवढ्यात लेकीचा फोन आला, 'बाबा, गाडी निघाली.' फोरमन फडकं हातात घेऊनच बाहेरच्या खोलीत बोलत उभे राहिले, आणि ओरडून सांगायचं तेवढं राहून गेलं. आतून आवाज आला. ते धावले तेव्हा बायको कपाटापाशी पडली होती आणि तिचा एक पाय भलत्याच बाजूला वळला होता.

शेजारी जमले. कुणीतरी विचारलं, काय झालं? बायकोने फोरमनच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं, आणि दातओठ आवळून म्हणाली, "काही नाही. एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली."

फोरमननी फडकं खिशात कोंबलं. रात्रभर हॉस्पिटलात काढून सकाळी घरी आले, तर जमिनीवरच्या मेणात तिच्या चपलेचा ओरखडा हातभर लांब उमटलेला होता. त्यांनी खाली बसून तो पुसून टाकला. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

कारण गाठ अशी बसली होती की कुठूनही सोडवली तरी काचणारच. चक्कर खरी असेल, तर फोरमन निर्दोष, पण बायकोला काहीतरी भयंकर झालेलं. चक्कर खोटी असेल, तर बायको ठणठणीत आणि फोरमन गुन्हेगार. तीन आठवडे हा माणूस मनातल्या मनात बायकोची चक्कर खरी निघावी असं म्हणत होता, आणि असं म्हणतो म्हणून स्वतःची लाज वाटून घेत होता.

इकडे डॉक्टर त्या चकरेच्या मागे लागले होते. खुब्याचं हाड सळई घालून झकास बसलं होतं, बायको वॉकर धरून व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. पण चक्कर का आली ते कळल्याशिवाय तिला घरी कसं सोडायचं? डोक्याचे फोटो झाले, कानात गार पाणी सोडून झालं, दोन दिवस छातीला वायरी चिकटवून झाल्या. सगळे रिपोर्ट चांगले येत होते, आणि प्रत्येक चांगल्या रिपोर्टागणिक लेकीचा चेहरा जास्तच उतरत होता. शेवटी तिने सांगून टाकलं: शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर ती आईला कायमची आपल्या घरी घेऊन जाणार. तिचं घर आठ तासांच्या प्रवासावर, पाचव्या मजल्यावर. फोरमनना पाहुणा म्हणून यायचं तर यावं. फोरमननी फार गयावया केली, तेव्हा ती म्हणाली, "बरं, आधी ती खोली सुरक्षित करा. जमीन न घसरणारी करा. मग डॉक्टरांशी बोलून बघू." म्हणून ते दोघं सोमवारी सकाळी या दुकानात आले होते.

या दुकानाची एक रीत होती. काउंटरशेजारी एक उतरती फळी होती आणि तिच्यावर सात प्रकारच्या व्हिनाइल टाइल्स बसवलेल्या होत्या. बाई त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "चपला काढा आणि उभे राहा." ज्याला जे घरात घालायचंय त्याने त्यावर आधी स्वतः घसरून बघावं, असा त्यांचा दंडकच होता. दोन्ही बाजूंना धरायला कठडे होते.

फोरमनची नजर पहिल्याच टाइलवर गेली. पांढरी शुभ्र, वर काचेसारखी झळाळी. जुनी खोड उसळली आणि त्यांनी त्याच टाइलवर पाय ठेवला. पाय सर्रकन खाली गेला. कठडा होता म्हणून निभावलं. लेक "बाबा!" म्हणून किंचाळली आणि फोरमन कठड्याला लटकून, पांढरेफटक पडून त्या टाइलकडे बघत राहिले. पडणारीला शेवटच्या क्षणी काय वाटलं असेल ते त्यांना तळपायातून कळलं.

"ही नको," ते म्हणाले.

पाचव्या टाइलवर पाय ठाम उभा राहिला. राखाडी रंगाची, हाताला बारीक खरखरीत, चकाकी नावालाही नाही. कारखान्यात फोरमननी अशी जमीन बघितली असती तर ती घासायला माणसं लावली असती. त्यांनी तीच घेतली.

लेकीला मागे गोंद लावूनच येणाऱ्या टाइल्स आवडल्या होत्या. "कागद काढायचा आणि चिकटवायचं, एका दिवसात काम," ती म्हणाली.

"सामान ठेवायच्या खोलीत लावा, तिथे चालतील," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या आई वॉकर घेऊन रोज त्याच वाटेने जाणार. वर्षभराने एखादी कड जरी उचलली गेली, तरी वॉकरचा पाय तिच्यात अडकणार. घसरणं परवडलं, ताई, अडखळून तोंडावर पडणं वाईट. डब्यातलाच गोंद घ्या." त्यांनी डबा उघडून दाखवला. आत दुधासारखं काहीतरी होतं. "दातेरी थापीने पसरायचं आणि गप्प बसायचं. पांढरेपणा गेला की बोट लावून बघा. बोट चिकटलं पाहिजे, पण बोटाला काही लागता कामा नये. तेव्हाच टाइल ठेवायची. आणि वॉकरच्या पायांना काळ्या रबराची बुचं असली तर बदला, काळ्या रबराने पिवळे डाग पडतात आणि ते जन्मात जात नाहीत."

बाईंनी खोकी मोजली, गोंद, भुकटी, थापी असं सगळं काढून ठेवलं, आणि टाइल्स लावायच्या आधी निदान दोन दिवस त्याच खोलीत ठेवायला बजावलं. फोरमन दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली.

"काका, पॉलिश नाही म्हणालात, ठीक आहे. तरी घरी गेल्यावर जमिनीवर पाण्याचे चार थेंब टाका. जमिनीने पिऊन टाकले, गडद डाग पडला, तर कामाला लागा. थेंब मण्यासारखे उभेच राहिले तर माझ्याकडे परत या. मेण काढायचं द्रावण वेगळं असतं. मेणावर कुठलाच गोंद बसत नाही, कितीही भारी घ्या."

हे बोलताना बाई फोरमनच्या कानांकडे बघत होत्या.

मंगळवारी लेक आईचा डबा घेऊन हॉस्पिटलला गेली आणि फोरमननी खोलीचं दार लावून घेतलं. पलंग आदल्याच दिवशी बाहेर काढला होता. रिकाम्या खोलीत टाइल्सची खोकी तेवढी भिंतीला टेकून बसली होती. फोरमन वाटीभर पाणी आणि चमचा घेऊन खाली बसले. चार थेंब टाकले.

चारही थेंब उभे राहिले. टुमदार, गोल, आणि प्रत्येकात ती खिडकी दिसत होती. त्यांनी कपाटापाशी टाकून पाहिले, दारापाशी टाकून पाहिले. मग गरम पाणी आणि साबण घेऊन तासभर एक कोपरा घासला आणि तिथे टाकले. थेंब जागचे हलेनात. बत्तीस वर्षांचं मेण असं तासाभरात जाणार होतं थोडंच?

गुपचूप द्रावण आणावं म्हटलं, तर त्याचा वास दिवसभर घरात राहणार. लेक विचारणार, हे कशाला? आणि लेकीच्या नाकातून काही सुटत नाही, हे फोरमन तिच्या लहानपणापासून जाणून होते. शेवटी माणूस अडला की जे करतो तेच त्यांनी केलं. बाईंचं चुकत असेल, असं ठरवलं. मधोमध थोडा गोंद पसरला, पांढरेपणा जाईपर्यंत उकिडवे बसून राहिले, बोट लावून बघितलं आणि एक टाइल चिकटवली. वर उभे राहिले, टाच दाबली. टाइल जागची हलली नाही. फोरमनचा ऊर भरून आला.

संध्याकाळी ते हॉस्पिटलला गेले तेव्हा बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"कुठली घेतलीत? चकचकीत?" तिने विचारलं.

"नाही. खरखरीत घेतली."

तिने मान वळवून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांची दोन बोटं धरली. "अहो, मला घरी यायचंय हो," ती म्हणाली. "तिच्याकडे नको. ती फार प्रेमाने करेल, पण मला माझ्या खोलीत यायचंय."

"येशील," फोरमन म्हणाले.

बुधवारी सकाळी त्यांनी टाइलच्या कडेखाली नख घातलं. जोर लावावाच लागला नाही. टाइल अख्खी वर आली, आणि तिच्याबरोबर गोंदाचा पापुद्राही, दुधावरची साय निघावी तसा. खाली जमीन पहिल्यासारखीच तुळतुळीत होती. फोरमन टाइल हातात घेऊन बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच काही दिसत होतं: वॉकर, उचललेली कड, आणि पुन्हा तो आवाज.

"हे काय?" लेक दारात उभी होती. "निघाली? एका दिवसात? बाबा, गोंद रद्दी दिलाय त्या बाईने!"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. एवढं भाषण दिलं आणि हा माल? चला."

लेक एका मोठ्या कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम करायची. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घेतल्यामुळे स्वतः तक्रार करायची संधी मिळाली की तिला भलताच हुरूप यायचा. फोरमन नको नको म्हणत असताना तिने त्यांना गाडीत बसवलं, गोंदाचा डबा मागे टाकला, आणि वीस मिनिटांत दोघं पुन्हा दुकानात हजर झाले.

तिने बाईंना चांगलं फैलावर घेतलं. आई हॉस्पिटलात आहे, तुमच्या भरवशावर आम्ही खोली तयार करतोय, उद्या ही टाइल तिच्या पायाखाली निघाली असती तर जबाबदार कोण? दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं कामं टाकून ऐकू लागली. बाईंनी टाइल हातात घेतली, उलटी केली, अंगठा घासला आणि तो नाकाशी नेला. मग त्यांनी फोरमनकडे पाहिलं.

फोरमननी खाली पाहिलं. आता बाई बोलणार, आता सगळं बाहेर येणार.

"डबा जुना असेल, ताई," बाई म्हणाल्या. "माझी चूक. बदलून देते."

त्या खरोखर वळल्या आणि फडताळातून नवा डबा काढायला लागल्या. गिऱ्हाइकांपैकी एकाने हातातला डबा हळूच खाली ठेवला आणि तो काढता पाय घेऊ लागला. फोरमननी ते बघितलं. कारखान्यात पस्तीस वर्षांत एकदाही त्यांनी आपली चूक हाताखालच्या माणसाच्या गळ्यात बांधली नव्हती. आणि इथे एक परकी बाई, तिचा काही संबंध नसताना, चार लोकांत त्यांचं पाप आपल्या दुकानाच्या नावावर घेत होती.

"थांबा," फोरमन म्हणाले. आवाज नको इतका मोठा निघाला. "गोंद चांगला आहे. त्यांची काही चूक नाही. जमिनीवर मेण आहे."

"कसलं मेण?" लेक म्हणाली.

"पॉलिशचं. मी लावलेलं. आई पडली ना, त्याच दिवशी. तू येणार म्हणून दोन हात दिले होते. ओलं होतं. तिला सांगायचं राहिलं. तुझा फोन आला आणि राहिलं." फोरमननी श्वास घेतला. "ती चपलेने घसरलीय. ओरखडा होता, हातभर. तो मी पुसला."

लेक टाइलच्या खोक्यावर मटकन बसली. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते फोरमनना कळेना. रागावली असती तर त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "आईला चक्कर आलीच नव्हती?"

"मला तसं वाटतं."

"तिच्या डोक्यात काही नाही?"

"डोक्यात? नाही गं. डोकं ठिकाणावर नसलंच तर ते माझं."

लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि भर दुकानात हुंदके देऊन रडायला लागली. तीन आठवडे तिच्या मनात काय होतं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रत्येक रिपोर्ट चांगला निघाला की तिला वाटे, म्हणजे त्याहून वाईट काहीतरी आहे, यांना सापडत नाहीये. ती रडता रडता हसायला लागली, हसता हसता पुन्हा रडली, आणि मध्येच तिने बापाच्या दंडावर एक चांगला सणसणीत गुद्दा घातला. "तीन आठवडे, बाबा! तीन आठवडे!"

"मार," फोरमन म्हणाले. "आणखी मार."

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. दुसऱ्या हातात त्यांनी एक निळा डबा आणला होता. मेण काढायचं द्रावण.

"सोमवारीच काढून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, काका येतीलच."

तिथून दोघं थेट हॉस्पिटलात गेले. गाडीत एकदा लेकीने उगाचच बापाच्या गुडघ्यावर थोपटलं.

"आई," ती खोलीत शिरताच म्हणाली, "तुला खरंच चक्कर आली होती?"

"हो गं, एकदम डोळ्यांपुढे..."

"आई. बाबांनी सांगितलं."

बायकोने फोरमनकडे पाहिलं. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"सुटले बाई एकदाची!" ती म्हणाली आणि उशीवर मागे रेलली. "कानात गार पाणी घालतात हो ते. खोटं बोलण्याची एवढी शिक्षा कुणाला झाली नसेल."

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?" लेकीचा आवाज पुन्हा चढला. "घसरले म्हणायला काय झालं होतं?"

"घसरले म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, कशावर? तुझ्या बाबांचा तेव्हाचा चेहरा तू बघायला हवा होतास. तू पण चक्करच सांगितली असतीस." ती थांबली. "मग डॉक्टर मागे लागले आणि मला माघार घेता येईना. रोज वाटायचं, आज हे बोलतील. हे काही बोलेनात. म्हटलं, यांना अजून सोसवत नसेल, तर राहू दे."

आपण आपली लाज लपवत होतो आणि ती आपल्याला लपवत होती, हे फोरमनच्या आत्ता लक्षात आलं. ते पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि तिच्या पायावर, चांगल्या पायावर, हात ठेवून राहिले.

डॉक्टर आधी तडकले. मग खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे चोळू लागले. "आजी, तुमच्या पायी मी तीन आठवडे पुस्तकं पालथी घालतोय," ते म्हणाले. "सगळं उत्तम आणि तरी माणूस पडतो कसा, याने माझी झोप उडाली होती." मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. चकरेच्या गोळ्या त्यांनी तिथल्या तिथे बंद केल्या. सोमवारी घरी जा म्हणाले. लेकीने विचारलं, "आपापल्या घरी ना?" "दुसरं कुणाच्या?" डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी बाप-लेकीने खोली घासायला घेतली. लेकीने बापाचा जुना शर्ट चढवला होता. द्रावण ओतलं, ब्रश फिरवले, तसा पांढरा फेस आधी पिवळा आणि मग तपकिरी झाला. बत्तीस वर्षांचे पहिले रविवार बादलीत जमा झाले. तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून, पंखा लावून जमीन सुकवली, तेव्हा ती साधी, मंद, राखाडी दिसत होती. चकाकी पार गेली होती. फोरमननी वाटी आणि चमचा मागवला.

चार थेंब पडले. क्षणभर थांबले. मग कडा विरघळल्या, थेंब बसले, आणि जमिनीवर चार गडद ठिपके उरले.

"प्यायली!" लेक ओरडली. फोरमनचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच भिंतीला टेकून बसले आणि ते चार ठिपके सुकेपर्यंत उठले नाहीत.

खळगा भरला. शुक्रवारी खोलीचा मध्य काढून खडूच्या दोरीने रेषा मारल्या आणि मधून सुरुवात केली. लेकीला घाई सुटायची, आणि दर वेळी फोरमन तिचा हात धरून थांबवायचे, "बोट लाव आधी." बोट चिकटलं आणि कोरडं निघालं की मगच टाइल. टाइल्स दाबून बसवायला जड रूळ फिरवायचं काम फोरमननी कुणाला दिलं नाही. कडेची शेवटची टाइल शनिवारी दुपारी बसली. रविवारी त्यांनी प्रत्येक टाइलची प्रत्येक कड नखाने तपासली. तो महिन्याचा पहिला रविवार होता, हे लेकीने सांगेपर्यंत त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारी बायको घरी आली. वॉकरच्या पायांना नवी पांढरी बुचं होती. खोलीच्या दारात ती थांबली आणि आत बघत राहिली. फोरमन तिच्या एका बाजूला होते, लेक दुसऱ्या बाजूला.

"चकाकत नाही हो," ती म्हणाली.

"नकोच चकाकायला."

तिने वॉकर आत टाकला. एक पाऊल, मग दुसरं. पाय जिथे ठेवला तिथेच राहत होता. कपाटापाशी, बरोबर त्या जागी, ती थांबली. टाच दाबून बघितली, पुन्हा दाबली, आणि मग वॉकर सोडून क्षणभर नुसतीच उभी राहिली. फोरमननी पुढे केलेला हात तिने डोळ्यांनीच मागे घ्यायला लावला.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "यापुढे पडले ना, तर खरं काय ते सांगेन."

"आधी मी सांगेन," फोरमन म्हणाले. "पण तू पडू नकोस ना."

तिने वॉकर धरला आणि त्यांच्या हाताला हात न लावता खिडकीपर्यंत चालत गेली.